काचेतली बाई: कोकणातल्या घरात सापडलेलं अठराव्या शतकातलं अनोळखी चित्र कसं वाचावं

गुहागरजवळ माझ्या आत्याचं घर आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कौलं परतायला काढली म्हणून माळा रिकामा करावा लागला. रोवळ्या, पाळण्याच्या साखळ्या, चेपलेलं घंगाळ, आणि त्यामागे जुनेरात गुंडाळलेलं एक चित्र. हातभर उंच, काचेचं, काळवंडलेल्या लाकडी चौकटीत. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक बाई खुर्चीवर बसलेली, हातात फूल, मागे निळसर करडा आरसा, तोही जागोजागी उडालेला. नाव नाही, सही नाही.

आत्या म्हणाली, “अरे, ती आनंदीबाई हो. राघोबादादांची. मळण काय लांब आहे इथून? ओकांची माहेरवाशीण ती.”

आनंदीबाईंचं माहेर मळणच्या ओकांकडचं, हे खरं. पण माहेर जवळ आहे एवढ्यावर चित्राला नाव द्यायचं झालं, तर श्रीवर्धनच्या प्रत्येक जुन्या तसबिरीतला पगडीवाला बाळाजी विश्वनाथ आणि वेळासच्या प्रत्येक तसबिरीतला नाना फडणवीस ठरेल. कोकणात हे होतंही. पेशवाईतली निम्मी नावं इथल्याच गावांतून घाटावर गेली, त्यामुळे प्रत्येक घराला एखादं मोठं नाव नात्यात सापडतंच, आणि अनोळखी चेहरा दिसला की ते नाव त्याला चिकटतं. बाई दिसायला बरी असेल तर आनंदीबाई, फारच देखणी असेल तर मस्तानी.

मी चित्र वाचतो तेव्हा नावाचा प्रश्न शेवटी घेतो. एकदा नाव मनात बसलं की डोळे त्याच नावाला पोसतील तेवढंच बघतात. आधी वस्तू, मग तिची पाठ, मग अंगावरचं, मग चिताऱ्याची सवय, मग घर. या सगळ्यातून गाळून काही उरलं तर नाव. आत्याच्या चित्रावर हे कसं केलं ते क्रमाने सांगतो. तुमच्याकडचं चित्र कागदावर किंवा कापडावर असेल तर काय वेगळं बघायचं, तेही त्या त्या ठिकाणी येईल.

हात लावण्याआधी

जुनं चित्र सापडलं की पहिली ऊर्मी येते ती पुसायची. ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्यानेही नको. काचेवरच्या चित्रात रंग काचेच्या मागच्या अंगाला असतो, त्यामुळे पुढची काच पुसली तर काय बिघडतं असं वाटतं. पण पुसताना दाब पडतो, चौकटीत सैल झालेली काच हलते, आणि सुटत आलेली खपली गळते. आमच्या आत्याने तर कुंकू लावायला बोट पुढे केलं होतं. तिला म्हटलं, आत्ये, थोडं थांब, आधी कोण आहे ते बघू, मग लाव.

उन्हातही ठेवू नका. काच, लाकूड आणि रंग एकाच उष्णतेने वेगवेगळे ताणतात आणि रंग उचकटतो. पाऊस लागलेला असेल तर चौकट उघडायचा विचारच सोडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेला जी ओल असते, तिने रंगातला डिंक किंवा सरस मऊ पडतो. उघडलेली चौकट चार दिवस तशीच राहिली की बुरशी धरलीच. हे काम दिवाळीनंतर किंवा मे महिन्यात करायचं.

आहे त्या स्थितीत फोटो काढा: पुढून, मागून, चारही कडा, चारही कोपरे, खिळे, हूक, दोरी. शेजारी मोजपट्टी ठेवा. चौकटीसकट आणि चौकटीशिवाय माप घ्या, सेंटिमीटरमध्ये. फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीतून तिरपा येणारा सकाळचा उजेड वापरा, त्यात उचकटलेला रंग आणि काचेच्या लाटा आपोआप दिसतात. काचेत आपलंच तोंड दिसू नये म्हणून कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा. फोनचा पुढचा कॅमेरा वापरू नका. काही फोन त्यातली प्रतिमा उलटी साठवतात, आणि डावं-उजवं हा पुढे आपला मोठा पुरावा होणार आहे.

चित्र कुठे सापडलं, कशात गुंडाळलं होतं, शेजारी काय होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. जुनेर फेकू नका.

छापील तर नाही ना?

हा टप्पा पाच मिनिटांचा, पण टाळला तर पुढची सहा महिन्यांची मेहनत वाया जाते. पुण्यात चित्रशाळा प्रेस १८७८ साली निघाली, रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत. तिथून निघालेली चित्रं चाकरमान्यांच्या ट्रंकांतून कोकणात घरोघर आली. त्यांतल्या काहींवर वार्निश चढवून ती तैलचित्रासारखी दिसतील अशी केलेली असत, तर काहींवर घरच्याच बायकांनी जरीचे तुकडे आणि टिकल्या चिकटवलेल्या असतात. लांबून बघणाऱ्याला हे सगळं अस्सल वाटतं.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, जवाहिरे डोळ्याला लावतात तसं. गालावर धरा. एकसारखे गोल ठिपके फुलासारखे रचलेले दिसले तर ती विसाव्या शतकातली छपाई. वाळू पेरल्यासारखे वेडेवाकडे ठिपके दिसले तर जुना शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली छपाई. हाताने रंगवलेलं असेल तर कुंचल्याचे फटकारे एकावर एक चढलेले दिसतात. मोत्यांचा दागिना असेल तर ओळख आणखी सोपी: हाताने काढलेला प्रत्येक मोती शेजारच्यापेक्षा थोडा निराळा असतो, कुठे पांढरा ठिपका सरकलेला, कुठे सावली द्यायची राहून गेलेली.

आत्याच्या बाईच्या तन्मणीत एक मोती रंगवायचा राहूनच गेला होता. तिथे नुसता गोल होता. मला त्या क्षणी चितारी भेटल्यासारखा वाटला.

काच, कागद, कापड

काचेवरचं उलटं चित्र हा प्रकार समजला नाही तर चित्र चुकीचंच वाचलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कागदावर चितारी आधी पार्श्वभूमी, मग अंग, मग कपडे आणि शेवटी नथीतला मोती असा जातो. काचेवर सगळं उलट. मोती आधी, डोळ्यातली चमक आधी, मग बाहुली, मग गालाची लाली, मग चेहऱ्याचा रंग, सरतेशेवटी मागचा पडदा. एकदा नाक चुकलं की वरून दुरुस्ती नाही. चीनमधल्या कँटनच्या चिताऱ्यांनी अठराव्या शतकात या कामात हात बसवला. युरोपी व्यापाऱ्यांसाठी, आणि पुढे हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकांसाठीही, त्यांनी अशी चित्रं केली. पश्चिम हिंदुस्थानात येऊन काम करणारे चिनी चितारीही होते, आणि त्यांचं बघून इथले लोकही शिकले. मुंबई आणि कँटन यांच्यात जहाजं सतत जा-ये करीत होती. तेव्हा गुहागरच्या माळ्यावरचं चित्र चिनी हाताचं निघालं तर त्यात आश्चर्य काही नाही.

मागे आरसा असेल तर त्याचा रंग बघा. जुने आरसे कथील आणि पारा यांच्या मिश्रणाचे. त्यांची झाक निळसर करडी, आणि खराब होताना त्यात बारीक दाणे, चांदण्यांसारखे ठिपके पडतात. काचेवर चांदी चढवायची रीत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ साली शोधली. ते आरसे जरा उबदार झाकेचे असतात आणि डाग पडले तर तपकिरी पडतात. करड्या आरशाने शतक सिद्ध होत नाही, पण पारडं जुन्या बाजूला झुकतं. तो आरसा नखाने खरवडू नका. त्यात पारा आहे.

काच तिरपी धरून तिच्यात खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब बघा. गज सरळ दिसले तर काच अलीकडची. जुनी फुंकून केलेली काच पातळ असते, तिच्यात लाटा आणि बुडबुडे असतात, आणि गज पाण्यात बघितल्यासारखे वाकडे होतात.

चित्र कागदावरचं असेल तर कागद उजेडासमोर धरा. जुन्नर आणि दौलताबाद इथले हातकागद मराठेशाहीत चालत. त्यांत साच्याच्या काड्यांच्या समांतर रेघा दिसतात. विलायती कागद असेल तर पाण्याचा छाप शोधा. इंग्रज कागदवाल्यांनी १७९४ पासून छापात साल घालायला सुरुवात केली, आणि ते मिळालं तर त्या सालाच्या आधी चित्र झालेलं नाही एवढं पक्कं होतं. कापडावरचं तैलचित्र असेल तर चौकटीचे खिळे आणि ताणपट्ट्या बघा. पुन्हा रंगवलेले भाग जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांच्या बॅटरीखाली बरेचदा काळे डाग होऊन दिसतात. बॅटरी ३६५ नॅनोमीटरची घ्या, स्वस्तातली जांभळी नको, आणि डोळ्यांत उजेड जाऊ देऊ नका. कागद निळापांढरा झगमगला तर तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

रंगांवरून काळ ठरवायचा मोह होतो. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बर्लिनमध्ये निघाला, पाचूसारखा झगझगीत विलायती हिरवा १८१४ नंतरचा, टायटॅनियमचा पांढरा तर विसाव्या शतकातला. पण नुसत्या डोळ्याने ‘हा प्रशियन निळा’ असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते.

पाठ वाचा

चित्राची पाठ ही त्याची जन्मपत्रिका म्हणतात. मी म्हणेन, ती कुणीतरी मध्येच खाडाखोड केलेली जन्मपत्रिका आहे.

आत्याच्या चित्रामागे फळी होती, आणि फळीच्या आतून चिकटवलेला मोडीतला कागद. मोडी थोडं येतं म्हणून हुरळून वाचायला गेलो. जिन्नस, मण, पायली, आणि वर: सु॥ सबा सबैन मया व अलफ. पेशवाईतल्या कागदांवर हा सुहूर सन असतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहितात. सबा म्हणजे सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७७. सुहूर सन मृगापासून सुरू होतो. मृग ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७७६-७७. शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९.

१७७६! नारायणरावांच्या खुनाला तीन वर्षं झालेली, राघोबादादा पुण्याबाहेर. आत्याला फोन करायला हात शिवशिवत होता.

मग खिळे बघितले. फळी ज्या खिळ्यांनी बसवली होती ते गोल दांड्याचे, एकसारखे, कारखान्यात तारेपासून केलेले. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी असतो, टोकाकडे निमुळता, आणि दुसरा तसाच मिळत नाही. तारेचे खिळे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. म्हणजे ही फळी तेव्हा किंवा त्यानंतर बसवलेली. आणि फळीवरचा कागद? दीडएकशे वर्षांची जुनी खतावणी, कुणाला मोडी वाचता येईनाशी झाली तेव्हा रद्दी म्हणून फाडून फळीच्या भेगा बुजवायला चिकटवलेली. कागद १७७६ चा असेल, पण त्याचा बाईशी संबंध नाही.

प्रत्येक जोडलेल्या गोष्टीला हे लावून बघा: चिठ्ठी, चौकट, खिळा, दोरी, दुकानाचा शिक्का. प्रत्येकाची तारीख स्वतंत्र काढा, आणि मग कोण कुणावर बसलं आहे ते पाहा. खालची वस्तू वरच्याआधीची. बस, एवढंच गणित.

पाठीवर नाव लिहिलेलं असेल तर ते कशाने लिहिलं ते बघा. बोरूची रेघ जाड-बारीक होत जाते, पोलादी टाकाची टोकदार आणि खरवडलेली, बॉलपेनची एकसारखी. बॉलपेनने लिहिलेलं ‘आनंदीबाई पेशवे’ हा विसाव्या शतकातल्या कुणाच्या तरी आजोबांचा अंदाज. मोडी स्वतःला नीट येत नसेल तर जाणकाराला दाखवा. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग चालतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतं आहे. ‘ध’ चा ‘मा’ करायला आनंदीबाईच लागते असं नाही, अर्धवट मोडी येणारा भाचाही पुरतो.

अंगावरचं काय सांगतं

इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि इथेच आत्यासारखी माणसं माझ्यापेक्षा जास्त जाणतात. माझ्या वहीत निम्म्या नोंदी तिच्या आहेत.

आधी डावं-उजवं. मराठी बाई नथ डाव्या नाकपुडीत घालते. आमच्या बाईची नथ उजव्या नाकपुडीत होती, पदर उजव्या खांद्यावर आणि फूल डाव्या हातात. पदराची रीत जातीगणिक, गावागणिक बदलते, नुसत्या त्यावर जाऊ नका. पण नथ, पदर आणि हात तिन्ही उलटे म्हणजे बाई उलटी. चिताऱ्याने समोर एखादं चित्र ठेवून ते काचेच्या मागच्या बाजूला जसंच्या तसं उतरवलं, आणि पुढून बघताना ते आरशात बघितल्यासारखं झालं. जाणता चितारी नमुनाच आधी उलटा करून घेतो. याने केलं नाही. मग दोन गोष्टी हाती येतात: एक, समोर जिवंत बाई बसून हे काढलेलं असण्यापेक्षा दुसऱ्या चित्रावरून काढलेलं असण्याची शक्यता जास्त. दोन, चिताऱ्याला उजव्या नाकातली नथ खटकली नाही, म्हणजे तो बहुधा मराठी घरातला नव्हता.

मग चोळी. पुढे गाठ मारलेली, तोकड्या घट्ट बाह्यांची चोळी असेल तर जुन्या काळाशी जुळतं. फुग्याच्या बाह्या, लेस, बटणं, खांद्यावर पदराला ब्रोच दिसला तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या. सेफ्टी पिनच मुळी १८४९ सालची.

गळ्यात आज दिसतं तसं दोन वाट्यांचं लांब मंगळसूत्र नाही म्हणून ‘लग्न झालेलं नाही’ असा निष्कर्ष काढू नका. गळ्यालगत काळ्या मण्यांची गळसरी किंवा डोरलं शोधा, बरेचदा ते चिंचपेटीच्या खाली दडलेलं असतं. कुंकू दिसत नाही म्हणून विधवा ठरवायची घाई तर अजिबात नको. लाल रंगाची टिकली उडून जाते. भिंग लावून कपाळावर बघा, आमच्या बाईच्या भुवयांमध्ये लाल कण उरले होते, आडव्या चिरीसारखे. ब्राह्मण विधवा असती तर केशवपन आणि आलवण असतं, आणि मग ती चिताऱ्यापुढे बसलीच नसती. मराठा सरदार घराण्यांत रीत वेगळी होती. तिथे पांढरं नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली विधवा चित्रात सापडते.

दागिने मोजा, नावं द्या, आणि कुठल्या धातूचे रंगवले आहेत ते लिहा. पेशवाईत मोत्यांचा षोक मोठा. तन्मणी, चिंचपेटी, बुगडी, कुडी यांत बसऱ्याचे मोती असत. हातात पाटल्या, गोठ, तोडे यांच्यामध्ये हिरवा चुडा आहे का? पायात पिवळं आहे की पांढरं? सोनं कमरेखाली घालायचं नाही ही सर्वसाधारण घरांची रीत, ती राजघराण्यांना लागू नव्हती. पण पायातलं सोनं बघून राणी ठरवण्याआधी हेही लक्षात घ्या की परक्या चिताऱ्याला ही रीत माहीतच नसेल. त्याच्या पेटीत पिवळा होता, त्याने पिवळा लावला.

आत्याने एक गोष्ट दाखवली जी मला दिसलीच नव्हती. म्हणाली, “हिला कासोटा नीट नाही रे. बसल्यावर निऱ्या अशा पडत नाहीत. ज्याने काढलंय त्याने नऊवारी नेसताना कुणाला बघितलेलं नाही.” बघितलं तर खरंच, गुडघ्याखाली घागऱ्यासारखा घोळ होता.

ही ‘कोणी’ आहे की नुसती ‘बाई’?

आपण फोटोच्या काळातली माणसं. चित्रात चेहरा दिसला की तो कुणाचा तरी असणारच असं आपल्याला वाटतं. अठराव्या शतकात तसं नव्हतं. दख्खनी आणि राजस्थानी कलमात, म्हणजे चित्रशैलीत, देखणी बाई हा एक विषयच होता, जसा मोर किंवा बाग. हातात वीणा आणि भोवती हरणं असली तर ती तोडी रागिणी, म्हणजे रागालाच दिलेलं बाईचं रूप; अंगाखांद्यावर नाग असले तर आसावरी. तिला घराणं नसतं. वसई, रेवदंडा, कोर्लई, गोवा या पट्ट्यातलं चित्र असेल तर आणखी एक सावधगिरी: हातात चाक असलेली राणी म्हणजे संत कॅथरीन, मागे मनोरा असेल तर संत बार्बारा. वसई १७३९ साली मराठ्यांनी घेतली तरी घराघरांतली चित्रं कुठे गेली नाहीत. हळदकुंकू लावलेली एखादी संत बार्बारा कुणाच्या देवघरात निघाली तर मला नवल वाटणार नाही.

समोर माणूस बसवून काढलेलं चित्र कसं असतं ते बघायचं तर जेम्स वेल्सकडे जा. हा स्कॉटिश चितारी १७९१ साली मुंबईला आला, पुढच्या वर्षी पुण्याला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं त्याने केली, आणि पुण्यातला इंग्रजांचा वकील, रेसिडेंट मॅलेट, याची सहचरी अंबर कौर हिचंही. १७९५ साली साष्टीत त्याला मरण आलं. त्याच्या नानांकडे बघा: तो लांबुळका, सावध चेहरा दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. याउलट पिंगुळीच्या चित्रकथीतल्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या परंपरेतल्या, बायका बघा. सीता असो की मंदोदरी, सगळ्यांचे डोळे तेच, नाक तेच, एका बाजूने दिसणारं. ओळख पटते ती प्रसंगावरून.

तुमची बाई या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते? चेहऱ्यात काही बेढब आहे का? तीळ, दुहेरी हनुवटी, एक पापणी उतरलेली, वय? चितारी मनाने सुंदर बाई काढतो तेव्हा तिला दुहेरी हनुवटी देत नाही. मग संग्रहालयांतली तशाच प्रकारची चित्रं शोधा आणि खुर्ची, पडदा, टेबल, हाताची ठेवण जुळते का ते पाहा. काचेवरच्या चित्रांत एकच साचा पुन्हा पुन्हा वापरलेला दिसतो: तीच खुर्ची, तोच हात, वरचे दागिने आणि साडीचा रंग तेवढा बदललेला. आमच्या बाईचा चेहरा अंडाकृती, गुळगुळीत, वय नसलेला. डोळे किंचित तिरपे. हनुवटीखाली काही नाही.

आता खुर्ची. अठराव्या शतकातल्या कोकणातल्या खोताच्या किंवा भिक्षुकाच्या घरची बायको परक्या चिताऱ्यासमोर, दागिने घालून, खुर्चीवर बसली असेल? मला शक्यता फार कमी वाटते. बसू शकायच्या त्या कलावंतिणी, नायकिणी. किंवा मग ती कुणी नव्हतीच, विकायला काढलेलं एक देखणं चित्र होतं.

हे आत्याला सांगणं अवघड गेलं. “म्हणजे नाचणारीण?” तिने विचारलं. मी म्हटलं, गाणारीही असेल. ती बराच वेळ बोलली नाही. पूर्वजांच्या यादीत राणी चालते, कलावंतीण चालत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना निकाल ऐकवताना जरा बेताने घ्या.

घराला विचारा

इथे प्रश्न विचारण्याची पद्धत महत्त्वाची. ‘ही आनंदीबाईच ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. विचारायचं ते असं: चित्र पूर्वी कुठल्या भिंतीवर होतं? कोण पुसायचं? माळ्यावर कधी गेलं आणि का? दोन म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं गाठून विचारा आणि जे जुळतं तेवढं धरा.

आत्याला आठवलं की तिच्या सासूच्या वेळेला ते ओटीवर होतं. तिची नणंदही हेच म्हणाली. ओटी म्हणजे आल्यागेल्या पुरुषांची बसायची जागा. घरातल्या सवाष्णीची तसबीर माजघरात किंवा देवघराजवळ गेली असती. ओटीवर लागली ती शोभेची चीज. पक्का पुरावा नाही, पण बाकीच्याशी जुळणारा आहे.

कुलवृत्तांत असेल तर काढा, मात्र फार आशा ठेवू नका. मुलींची नावं गाळलेली असतात, सुनांची माहेरची नावं एक आणि सासरची दुसरी. एकच बाई दोन घरांच्या कागदांत दोन नावांनी असते. जुनी पत्रं असतील तर मायन्याकडे लक्ष द्या: ‘वज्रचूडेमंडित’ म्हणजे सवाष्ण, ‘गंगाजलनिर्मल’ म्हणजे विधवा. त्यावरून कोण कधीपर्यंत सवाष्ण होती हे लागतं आणि चित्रातल्या कुंकवाशी ताडून बघता येतं. आणि घरातला कोण पुण्या-मुंबईला कुणाच्या पदरी चाकरीला होता ते शोधा. अशी चित्रं बहुतेक वेळा घाट उतरून किंवा गलबतातून आलेली असतात.

मोठं नाव ठरवायचं असेल तर मी किमान दोन गोष्टी मागतो, आणि त्या एकमेकींवरून घेतलेल्या नकोत: त्या काळातला लेख, आणि ओळख पटलेल्या दुसऱ्या चित्राशी चेहरा जुळणं. आत्याच्या बाईकडे एकही नव्हती.

कायदा आणि कपाट

शंभर वर्षांवरचं चित्र १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकतं. रंगवलेल्या चित्रांच्या काही प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते, आणि परदेशात तर खाजगी माणसाला पाठवताच येत नाही. अमेरिकेतला भाचा ‘मी घेऊन जातो’ म्हणाला तर त्याला हे सांगा. दुरुस्तीसाठी गावातल्या तसबीरवाल्याकडे नेऊ नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे आधी फोटो दाखवून विचारा.

तोवर चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात ती भिंत आतून पाझरते. चुलीच्या धुरापासून आणि कापराच्या आरतीपासून लांब ठेवा. काचेच्या चित्राचा रंग सुटत असेल तर ते आडवं ठेवा, काच खाली आणि पाठ वर, म्हणजे खपली सुटली तरी काचेवरच राहते. खाली धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड घाला. वर्तमानपत्र नको, त्यातलं आम्ल उतरतं. वाळवीसाठी कपाटाचे पाय भिंतीपासून सुटे ठेवा आणि दर महिन्याला डोकावा. चित्रावर किंवा चौकटीवर औषध फवारू नका.

शेवटी एक कार्ड लिहा आणि चित्रासोबत ठेवा. प्रत्येक विधानापुढे ते कुठून काढलं तेही लिहा, म्हणजे उद्या कुणाला खोडायचं झालं तर सोपं जाईल. आत्याच्या चित्राचं असं झालं:

अनोळखी स्त्री. काचेवरचं उलटं चित्र, मागे पारा-कथलाचा आरसा. बहुधा चिनी चितारी किंवा त्या वळणाचा हात (डोळे, घोळदार निऱ्या, उजवीकडची नथ). बहुधा अठराव्या शतकाचा शेवट किंवा एकोणिसाव्याची सुरुवात (आरसा, काच, चोळी). बहुधा साच्यावरून केलेलं, प्रत्यक्ष व्यक्तीचं नव्हे. फळी व खिळे नंतरचे. फळीवरचा मोडी कागद सुहूर ११७७ चा, रद्दी, चित्राशी संबंध नाही. घरातली समजूत: आनंदीबाई पेशवे. आधार मिळाला नाही.

आत्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. “मेल्या,” म्हणाली, “बहुधा किती वेळा लिहिलंस?”

“तीन वेळा.”

“बरं. आता कुंकू लावू का?”

मी म्हटलं, लाव, पण चौकटीला.